दोन कान, एक नाक

३ फेब्रुवारी

भावजी,

नमस्कार. सहा वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून घाबरू नका, कुणी गेलेलं नाही. फोनच करणार होते. पण तुमचा पुतण्या म्हणाला, काकांचे कान लेथच्या आवाजाने पार गेलेत, चार वेळा ओरडावं लागतं. मला ओरडायला हरकत नाही, पण फोनवर तुम्ही मध्येच बोलता. पत्रात मला शेवटपर्यंत बोलता येतं.

काम आहे. आपल्या बदकाचा डिफ्रन्शियल फुटला. बदक म्हणजे दुकानाची तीच लांब गाडी, मागून बसलेली, जिला नाव तुम्हीच ठेवलं होतंत. आणि डिफ्रन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा, जो इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटून देतो. तुम्ही लेथवाले, गाडीखाली कधी शिरला नाहीत, म्हणून सांगते. त्याचे आतले दात गेले. तसला गोळा आता कुठे मिळत नाही. तीन दिवस भंगारवाल्याच्या छाताडावर बसून एका आपटलेल्या गाडीचा काढून आणला. दात चांगले, शाफ्ट जुळतात, फक्त बांधणी वेगळी. ह्याला मागे दोन कान आहेत आणि पुढे एक नाक. तिन्ही जागी गाडीला धरायला नवे माउंट, म्हणजे लोखंडी पकडी, करायचे. ते मी करते. पण कानांत आणि नाकात रबर भरलेले बुश बसतात, त्यांच्या लोखंडी नळ्या लेथवर काढाव्या लागतात. तीन नग. मापं मागच्या पानावर आहेत.

१५ एप्रिलच्या आत गाडी तपासणीत पास झाली नाही तर तिची नोंद कायमची रद्द. तुमचा पुतण्या त्याचीच वाट बघतोय. गाडी नाही तर वेल्डिंगचा सेट कामावर नेणार कसा, काम नाही तर दुकान कशाला, दुकान नाही तर आई एकटी कशाला. मग त्याच्या घरातली मागची खोली. नातवंडांनी भिंतीला रंगसुद्धा लावून ठेवलाय. मी बघून आले. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीचे पाइप दिसतात, आणि त्यांचे सांधे धड नाहीत. मरेपर्यंत ते बघत बसायची माझी तयारी नाही.

बुश लवकर पाठवा.

वहिनी


१० फेब्रुवारी

वहिनींना नमस्कार.

अक्षर बघून आधी वाटलं कुण्या पोराने खोडी काढली. पहिली ओळ वाचली आणि खात्री पटली.

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. तुम्ही आता एक्काहत्तरच्या. "ते मी करते" म्हणजे काय? दादाच्या शेजारी उभं राहून काम धरणं वेगळं, स्वतः जोडणं वेगळं. डिफ्रन्शियलचा माउंट म्हणजे खिडकीची जाळी नव्हे. सबंध गाडीचा जोर तिथे येतो. भर रस्त्यात सुटला तर? ते बुश वगैरे सोडा, एखादा चांगला माणूस बोलवा आणि लोखंडाला लोखंड जोडून टाका. नाही तर पोराचं ऐका. त्याचं काय चुकतंय?

दादा असता तर गोष्ट वेगळी होती. दादाचा हात! माझ्या लेथची बैठक त्याने करून पाठवली त्याला एकोणीस वर्षं झाली. रोज आठ तास थरथरते, केसाएवढा तडा नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी वाकून दाखवतो, म्हणतो, बघा, ह्याला म्हणतात वेल्डिंग. दादा गेल्यावर मी तो सेट मागितला तो उगाच नव्हता. तुम्ही मला दारातूनच वाटेला लावलंत. गंजत पडला असेल आता.

मी बुश केले आणि तुम्हाला काही झालं, तर पुतण्या माझ्या दारात येईल. म्हणून करत नाही.

तुमचा धाकटा दीर


१५ फेब्रुवारी

भावजी,

पत्र वाचता वाचता चहा गार झाला. तुमच्यामुळे पहिल्यांदाच नाही.

आधी लोखंडाचं बोलू. लोखंडाला थेट लोखंड जोडलं की गोळ्याचा आवाज गाडीभर घुमतो आणि महिन्याभरात पत्रा फाटतो. जोर लागला की डिफ्रन्शियल नाक वर करतो. तुमच्यासारखा. त्याला थोडं हलू द्यायचं आणि मग दाबून धरायचं, त्यासाठी रबर. सत्तेचाळीस वर्षं लेथवर उभे आहात आणि एवढंही माहीत नाही.

आता दुसरं. टॉर्च घ्या आणि लेथखाली झोपा. बायकोला सांगून झोपा, नाही तर ती घाबरेल. पायांचे आडवे सांधे बघा. वेल्डवर माशासारखे खवले असतात, एकावर एक. काम संपतं तिथे शेवटी एक बारीक खळगा राहतो. तुमचे दादा उजव्या हाताचे. त्यांचा वेल्ड डावीकडे सुरू व्हायचा आणि उजवीकडे संपायचा. बघा तुमच्या लेथखाली खळगा कुठल्या टोकाला आहे ते. डाव्या. चारही पायांना डाव्या. आता आठवा, मी सुरी कुठल्या हातात धरते. लग्न होऊन आले तेव्हा त्यावरून सगळ्यात जास्त तुम्हीच हसला होतात.

एकवीस वर्षांपूर्वी ह्यांच्या डोळ्यांत धुकं आलं. सांधा दिसेना, टाका भलतीकडे पडायचा. एक फाटक बिजागरातून निखळलं, माणूस थोडक्यात वाचला. मग ह्यांनी दुकानाचं दार आतून लावलं आणि मला शिकवलं. दीड महिना जुन्या पत्र्यावर. माझी बोटं भाजली, ह्यांची जीभ. नंतर हे दारात स्टुलावर बसायचे, गिऱ्हाइकाशी बोलायचे, आणि मी आत तोंडावर काच धरून. पंधरा वर्षं. तुम्हाला कळू द्यायचं नाही हे त्यांचंच म्हणणं. धाकट्याच्या नजरेतून उतरेन म्हणाले. मी म्हटलं, काम येऊ दे, नाव कुणाचं का असेना. वेल्डिंगमधली माझी तेवढी एकच चूक मला मान्य आहे.

सेट दिला नाही कारण सेट माझा होता. गंजलेला नाही. परवाच त्यावर शाळेच्या फाटकाची बिजागरं जोडली.

बुश करायचे की नाही ते झोपून उठल्यावर ठरवा.

वहिनी


२४ फेब्रुवारी

वहिनी,

झोपलो. उठताना बायकोने हात दिला.

चारही पाय बघितले. मग दादाने करून दिलेला, काम टेकवायचा जुना लोखंडी घोडा बघितला, तुमच्या लग्नाच्या आधीचा. त्याचा खळगा उजवीकडे आहे. त्या दिवशी लेथ चालू केली नाही.

तीन बुश सोबत पाठवतो. नळी जाड घेतली आहे, रबरही घट्ट बसवून दिलं आहे. मापं नुसती वाचून नाही, समजून काढली. दादाच्या दुकानात लेथवर मी वीस वर्षं घालवली आहेत, मला वेगळं सांगावं लागत नाही.

तुमचा दीर


४ मार्च

भावजी,

पार्सल पोचलं. बुश आरशासारखे आहेत, तोंड बघून घ्यावं. हात तसाच राहिलाय तुमचा. डोकं मात्र पार्सलमध्ये घालायला विसरलात.

तिन्ही बुश एक इंच आखूड. मी सव्वातीन लिहिले होते, तुम्ही सव्वादोन पाठवले. आधी वाटलं, घ्या, ह्या भावाचेही डोळे गेले. मग भाजी चिरता चिरता डोक्यात प्रकाश पडला. तुटकी टेप!

आठवते ना? दुकानातल्या मोजायच्या टेपचा पहिला इंच तुटलेला होता. दुसरी टेप आणायची सोडून आपण तिघंही एकच्या आकड्यापासून मोजायचो. टेपवर तीन दिसले की खरे दोन. मी आतून "तीन" ओरडायचे आणि तुम्ही गुपचूप दोन कापायचात. नव्या माणसाचं पहिलं काम हमखास वाया जायचं आणि तुम्ही दोघे भाऊ पोट धरून हसायचात. तुम्ही माझं पत्र वाचलंत आणि त्याच टेपचा इंच वजा केलात.

भावजी, ती टेप मी पाच वर्षांपूर्वी भंगारात दिली. माझ्याकडे नवी आहे. शून्यापासून सुरू होते. आता मी तीन म्हटलं की तीनच.

कान धरायच्या पट्ट्या सव्वातीनची फट ठेवून कच्चे टाके मारून उभ्या केल्या आहेत. तुमचा बुश त्यात घरंगळतो, पाळण्यात घातल्यासारखा. तपासणीला २ एप्रिल तारीख मिळाली आहे. पुतण्याने बुश बघितले आणि काही बोलला नाही. तो बोलत नाही तेव्हा आनंदात असतो.

वहिनी


१० मार्च

वहिनी,

तोंड दाखवायला जागा नाही. तीन वाचलं आणि हात आपसूक दोनवर गेला. ते दुकान सुटून इतकी वर्षं झाली, तरी टेप अजून डोक्यातून गेली नाही.

नवे काढून देतो. तसली नळी इथे संपली आहे, यायला तीन आठवडे, कापायला चार दिवस. मी स्वतः घेऊन येतो. तुम्ही काही करू नका.

आणखी एक. लिहू की नको असं चाललं होतं. तेव्हा मी दर महिन्याला यायचो, दादा दारात बसलेला असायचा. आत जाऊ नको म्हणायचा, ठिणग्या उडतायत. मी विचारलं, आत कोण आहे? म्हणाला, एक माणूस ठेवलाय. चांगला आहे का? म्हणाला, माझ्यापेक्षा चांगला, पण तोंड फार. मी हसलो आणि बाहेरूनच परत फिरलो. एकदासुद्धा आत डोकावलो नाही.

तुमचा दीर


१८ मार्च

भावजी,

येऊ नका. पंचवीस दिवस थांबायला माझ्याकडे तारीख नाही.

टाके ग्राइंडरने तोडले आणि पट्ट्या दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच आत घेतल्या. बुश चपखल बसले. फट कमी झाली म्हणून बोल्टही आखूड लागला, आणि आखूड बोल्ट वाकायला मागत नाही. हे मला आधीच सुचायला हवं होतं. तुमच्या चुकीने माउंट चांगला झाला. हे एकदाच लिहिते. पुन्हा विचारलंत तर नाही म्हणेन.

गाडीखाली शिरायला मला दोन मिनिटं लागतात, निघायला दहा. कोण बघतंय? गोळा जॅकवर चढवून जागेवर धरला. जोडायच्या आधी रबर ठोकून बाहेर काढलं, नाही तर जळून त्याचा कोळसा होतो. गाडीच्या पातळ पत्र्याला मागून जाड, तळहाताएवढी पट्टी दिली, म्हणजे जोर एका जागी न येता पसरतो. तिचे कोपरे गोल केले. टोकदार कोपरा म्हणजे तड्याला आमंत्रण. मग एक टाका इकडे, एक टाका तिकडे, मध्ये गार होऊ द्यायचं. वेल्ड गार होताना लोखंडाला आपल्याकडे ओढतो. एकाच बाजूने जोडत गेलं तर सगळं तिकडे झुकतं. घरातसुद्धा असंच होतं, पण पुतण्याला कोण सांगणार.

नाक सरळ रेषेच्या थोडं खाली धरून जोडलं. जोर आला की वर येणारच, मग आधीच खाली असलेलं बरं. मागच्या चढावर बदक उभं केलं आणि अॅक्सिलरेटर दाबून एकदम पुढे काढलं. बाहेरून वाकून बघायला गल्लीतला पंक्चरवाला होता. म्हणाला, आजी, नाक हललं, पण उठलं नाही. मी म्हटलं, मग बरोबर आहे.

एक माणूस ठेवलाय म्हणाले का? त्या माणसाला पंधरा वर्षांत एक सुट्टी दिली नाही. तोंड होतं म्हणून टिकला.

वहिनी


३ एप्रिल

भावजी,

काल तपासणी झाली. गाडी पास नाही, नापासही नाही. सांगते.

पुतण्या बरोबर आला होता, मला परत न्यायला रिक्षा सांगून. दिवे ठीक, ब्रेक ठीक. मग तपासणीचा साहेब खड्ड्यात उतरला आणि गाडीखाली उभा राहिला. बराच वेळ. हातोडीने तिन्ही माउंट वाजवले. खालूनच विचारलं, "हे कारखान्यातलं नाही. कुणी केलंय?"

मी तोंड उघडायच्या आत पुतण्या म्हणाला, "आमच्या वडिलांनी."

त्याचा डाव नव्हता, हे मला कळलं. लहानपणापासून तोच एक जबाब पाठ. त्याला वाटलं, आपण आईला सांभाळून घेतोय. मी म्हटलं, "त्याचे वडील सहा वर्षांपूर्वी गेले. हा गोळा जानेवारीत आणलाय. वरून उतरून जोडून गेले का?"

साहेब खड्ड्यातून वर आला. माझ्याकडे बघितलं, पुतण्याकडे बघितलं. "मग केलं कुणी?"

"मी."

"आजी, चेष्टा नको."

मी हात पुढे केले. डाव्या हातावरचे ठिणग्यांचे डाग बघितले त्याने. पुतण्यासुद्धा बघत होता, जसे काही आजच उगवलेत. साहेब माणूस वाईट नाही, पण कागदाचा माणूस. म्हणाला, काम भक्कम आहे, पण बदललेल्या भागासाठी जाणत्या कारागिराचा लेखी दाखला लागतो. ज्याचं दुकान नोंदलेलं आहे आणि ज्याने तुमचं काम वापरून बघितलंय अशाचा. तुमचं स्वतःचं दुकान नवऱ्याच्या नावावर, ते चालणार नाही. १५ तारखेच्या आत आणा.

घराजवळ आल्यावर पुतण्या म्हणाला, "आई, शाळेचं फाटक पण?" मी म्हटलं, "तू लहानपणी ज्याला लोंबकळायचास ते नव्हे. त्यानंतरची सगळी."

तर भावजी, असा जाणता कारागीर माझ्या ओळखीत एकच आहे. त्याने माझं काम एकोणीस वर्षं वापरलंय आणि गावभर दुसऱ्याच्या नावाने मिरवलंय. आता कागदावर लिहायचं म्हणजे दादांना दिसत नव्हतं हेही लिहावं लागेल. तुमच्या तालुक्यात चार लोक हसतील. दादाचं नाव खराब होईल असं वाटत असेल तर लिहू नका. मी विनवणी करणार नाही. बदक भंगारात जाईल, मी मागच्या खोलीत जाईन, आणि मग सेट न्यायला तुम्ही खुशाल या. त्या वेळी दारातून वाटेला लावणार नाही.

वहिनी


८ एप्रिल

दाखला

खाली सही करणारा मी, धंदा लेथकाम, वर्षं सत्तेचाळीस, दुकान नोंदलेलं, लिहून देतो की:

सदर गाडीच्या डिफ्रन्शियलचे दोन कान आणि एक नाक माझ्या वहिनींनी स्वतःच्या हाताने जोडले आहेत. त्यातले बुश मी केले. ते मी एक इंच आखूड केले होते, ती चूक माझी. तरी काम त्यांनी बसवून घेतलं.

माझ्या दुकानातल्या लेथची बैठकही त्यांचीच. एकोणीस वर्षं रोज आठ तास चालते, तडा नाही. हे काम माझ्या थोरल्या भावाचं आहे असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं होतं. भावाला तेव्हा दिसत नव्हतं. त्याने हात शिकवला, काम वहिनींनी केलं. तो स्वतः मला म्हणाला होता की आतला माणूस माझ्यापेक्षा चांगला आहे. मी चौकशी केली नाही.

कुणाला शंका असल्यास माझ्या दुकानात यावं आणि लेथखाली झोपून बघावं. टॉर्च मी देईन.

सही, दुकानाचा शिक्का.


१६ एप्रिल

भावजी,

बदक पास. शिक्का बसला.

साहेबाने तुमचा दाखला दोनदा वाचला आणि मग शेजारच्या टेबलाला वाचून दाखवला. मी मूळ कागद परत मागितला, तर म्हणाला, हा फायलीत राहणार. मी म्हटलं, मग नीट ठेवा, पुढच्या वेळी हाच लागेल. फॉर्मवर काम करणाऱ्याचा धंदा लिहायचा होता. पुतण्याने पेन घेतलं आणि सवयीने "घरकाम" लिहायला गेला. "घर"पर्यंत पोचला, थांबला, खोडलं, आणि मला न विचारता "वेल्डर" लिहिलं. र जरा मोठा झाला. असू दे. रिक्षा त्याने आपणच परत पाठवली, बदकात माझ्या शेजारी बसून आला, आणि वाटभर कान लावून आवाज ऐकत होता. आवाज नव्हताच.

मागच्या खोलीत आता नातवंडांच्या सायकली ठेवतात.

बाकी, तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकून दाखवता तो तुमच्या लेथच्या मागच्या पायाचा सांधा. त्याचा शेवटचा खळगा मी नीट भरला नव्हता. त्या दिवशी घाई होती, टेम्पोवाला दारात ओरडत होता. एकोणीस वर्षं ते माझ्या डोक्यात आहे. आता सगळा तालुका टॉर्च घेऊन बघायला येणार म्हणता, तर त्याआधी तो भरायला हवा. पुढच्या सोमवारी निघते. बदक घेऊन, मी स्वतः चालवत.

वेल्डिंगचा सेट बरोबर आणते आहे. द्यायला नव्हे.

वहिनी